छोट्या बचावबोटीवर फिक्स व्हीएचएफ आणि अँटेना: कुठे, कसा, कोणत्या केबलने?

खाडीकाठ

बोट ४.८ मीटरची आरआयबी, म्हणजे फायबरचा तळ आणि बाजूने हवेच्या ट्यूब. ४० एचपी आउटबोर्ड, सेल्फ-स्टार्ट. मधोमध उभा कन्सोल. मागे ॲल्युमिनियमची ए-फ्रेम, पाण्यापासून साधारण १.८ मीटर उंच. काम म्हणजे शिडाच्या होड्यांच्या सरावाला सोबत करायची आणि कोणी उलटलं तर उचलायचं. वावर मालवण ते वेंगुर्ला पट्ट्यात, किनाऱ्यापासून ३-४ सागरी मैलांच्या आत. सध्या ५ वॉटचे दोन हातसेट आहेत. आता २५ वॉटचा डीएससीवाला (एका बटणाने संकटाचा डिजिटल इशारा पाठवणारा) फिक्स व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटीला कायमचा जोडलेला सागरी रेडिओ, बसवायचा आहे. बॅटरी १२ व्होल्ट, ३५ एएच (ॲम्पियर-तास), तीच इंजिन स्टार्ट करते.

प्रश्न असे:
१. १ मीटरची स्टीलची काठी की २.४ मीटरचा फायबरचा अँटेना?
२. केबल आरजी-५८ चालेल का? दुकानदार आरजी-२१३ घ्या म्हणतो.
३. वीज कुठून घ्यायची, इंजिनच्या चावीच्या स्विचवरून की थेट बॅटरीवरून?
४. फिक्स सेटने अंतरात नक्की किती फरक पडतो?

डोलकाठी

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेकांचा गैरसमज असतो.

व्हीएचएफ जवळजवळ सरळ रेषेत जातो. रेडिओ क्षितिजाचं गणित सोपं आहे: अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोन्ही टोकांची उत्तरं मिळवायची. तुमच्या ए-फ्रेमवर १ मीटरची काठी लावली तर तिचा मध्य साधारण २.३ मीटरवर येईल, म्हणजे ६.२ किमी. समोर तशीच दुसरी बोट असेल तर १२.४ किमी, साडेसहा सागरी मैलांच्या आसपास. समोर किनाऱ्यावर ३० मीटर उंचीचा अँटेना असेल तर २२.६ आणि ६.२ मिळून २८.८ किमी, म्हणजे साडेपंधरा मैल.

आता हेच गणित बसलेल्या माणसाच्या हातसेटने करा. उंची १ मीटर, क्षितिज ४.१ किमी. किनाऱ्याशी बोलताना बेरीज २६.७ किमी. फरक फक्त २ किमीचा! मग फिक्स सेटचा फायदा येतो कुठून? एक, ताकद: ५ वॉटवरून २५ वॉट म्हणजे ७ डीबी (डेसिबल, ताकदीच्या पटीचं माप; इथे पाचपट). दोन, हातसेटची रबरी शेपटी ही अर्ध्या तरंगलांबीच्या काठीपुढे कार्यक्षमतेत बरीच कमी पडते. तीन, दोन मीटरच्या लाटेत बोट खोलगट भागात गेली की हातसेट पाण्याच्या भिंतीआड जातो आणि तुमची काठी डोकं वर काढून उभी असते. चार, डीएससी. बचावाच्या कामात मला हे चौथं कारण सगळ्यात मोठं वाटतं.

तर खर्च अँटेना, केबल आणि जोडांवर करा. सेट कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न शेवटचा.

उधाण

अँटेनाबद्दल. १५६.८ मेगाहर्ट्झला (चॅनल १६, हाक मारायचा आणि संकटाचा चॅनल) तरंगलांबी १.९१ मीटर. १ मीटरच्या आसपासच्या स्टीलच्या काठ्या, ज्यांच्या बुडाशी कॉइलचा डबा असतो, त्या अर्ध्या तरंगलांबीच्या असतात. त्यांना खाली धातूचा पत्रा किंवा 'ग्राउंड प्लेन' लागत नाही. फायबरच्या बोटीला हेच सोयीचं. चुकून गाडीसाठी बनवलेला पाव तरंगलांबीचा अँटेना आणला, साधारण ४८ सेंमीचा, तर तो फायबरवर नीट चालणारच नाही, कारण त्याला खाली गाडीचं टप लागतं.

२.४ मीटरवाल्यांवर ६ डीबी लिहिलेलं असतं. डीबी वाढतात म्हणजे नवी ताकद तयार होत नाही. वर आणि खाली जाणारी ताकद दाबून आडवी चपटी केली जाते. मोठ्या ट्रॉलरला ते ठीक, तो कमी डोलतो. तुमची बोट लाटेवर २०-२५ अंश कलते. त्या क्षणी चपटा पट्टा एका बाजूने आकाशात आणि दुसऱ्या बाजूने पाण्यात. ऐकणाऱ्याला आवाज येतो-जातो-येतो असा मिळतो. ९ डीबीचा तर विचारच नको. ३ डीबीची १ मीटरची काठी घ्या.

शिवाय मार. आरआयबी लाटेवरून आपटते तेव्हा २.४ मीटरच्या फायबरच्या नळीचा सगळा झोक बुडाच्या नटबोल्टवर येतो. तिला लांबीच्या एक तृतीयांशावर दुसरा आधार हवाच, नाहीतर बूड तडकतं. तेवढा आधार द्यायला तुमच्या ए-फ्रेमवर जागा नाही.

नाळ_ते_सुकाणू

उधाणशी सहमत, पण जागेबाबत एक भर. ए-फ्रेमच्या *वर* लावा, दोन पायांच्या *मध्ये* नको. फ्रेमच्या पाईपला समांतर, १५-२० सेंमीवर उभी केलेली काठी आपली ताकद त्या पाईपलाच देते आणि सेटला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या ताकदीचं माप) वाढलेला दिसतो. फ्रेमवर दिवा, जीपीएसचा मशरूम, एआयएसचा (बोटीची ओळख-जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्राचा) अँटेना असं काही असेल तर व्हीएचएफची काठी त्यांच्यापासून १ मीटर तरी दूर. फ्रेमची रुंदी तेवढी असते, एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला.

आणि बूड घडीचं घ्या, खटक्यावर आडवं होणारं. ओढदोर मागून टाकताना काठी मध्ये येते. हेलिकॉप्टरने वरून दोर सोडला तर उभी काठी म्हणजे अडकायचं आमंत्रण. काठीच्या टोकाला रबरी किंवा प्लॅस्टिकची गोळी हवी, नाहीतर पाण्यातून वर ओढलेल्या माणसाच्या डोळ्याला धोका आहे.

घडीच्या बुडाचा स्टेनलेस बोल्ट थेट ॲल्युमिनियमच्या फ्रेमला लावू नका. खारं पाणी मध्ये आलं की ॲल्युमिनियम पांढरं होऊन खायला लागतं. नायलॉनचे वॉशर, बोल्टभोवती नळीचा तुकडा, आणि बोल्ट ३१६ ग्रेडचे, नट नायलॉन लॉकचे. साधे स्प्रिंग वॉशर आउटबोर्डच्या थरथराटात टिकत नाहीत.

खाडीकाठ

कन्सोलवर लावली तर केबल फक्त दीड मीटर लागेल. ते बरं नाही का?

नाळ_ते_सुकाणू

केबल वाचेल, पण काठी चालवणाऱ्याच्या तोंडापासून ४० सेंमीवर. २५ वॉट पाठवताना अँटेनापासून माणूस किती अंतरावर हवा ते सेटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच सेटना १ मीटर किंवा जास्त लागतं. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे खारं पाणीच, शेजारी उभं राहिलं की अँटेनाची सावली पडते. ए-फ्रेमच बरी.

सोल्डरवाला

केबलवर माझं मत दुकानदारापेक्षा वेगळं आहे.

ए-फ्रेमपासून पायातून खाली, डेकखालून कन्सोलपर्यंत तुम्हाला ६ मीटर धरा. १५६ मेगाहर्ट्झला चांगल्या केबलचं नुकसान साधारण असं: आरजी-५८ दर १०० मीटरला २० डीबी, आरजी-८एक्स १५, आरजी-२१३ नऊ. सहा मीटरला अनुक्रमे १.२, ०.९ आणि ०.५५ डीबी. म्हणजे सेटमधून २५ वॉट निघाले तर अँटेनाला १९, २० किंवा २२ वॉट मिळतात. १९ आणि २२ मधला फरक ऐकणाऱ्याच्या कानाला कळत नाही. उलट आरजी-२१३ दहा मिलिमीटर जाड, ताठ. घडीच्या बुडाशी ती रोज वाकली की कनेक्टरच्या मानेवर ताण येतो. या बोटीला आरजी-८एक्स सगळ्यात सोयीची. बऱ्याच काठ्यांना बुडापासूनच आरजी-५८ घट्ट जोडून येते. तीच पूर्ण लांबी पुरत असेल तर खुशाल वापरा, मधला जोड वाचतो. प्रत्येक जोड म्हणजे पाणी शिरायची जागा, आणि नुकसान तिथे होतं.

केबल विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आरजी-५८ छापलेलं बरंच काही मिळतं. टोक सोलून बघा. आतली जाळी दाट आणि तांब्याची हवी, शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली. जाळीतून पांढरं प्लॅस्टिक सहज दिसत असेल किंवा मधली तार खरवडल्यावर चंदेरी ॲल्युमिनियम निघालं तर ठेवून द्या. टीव्हीची आरजी-६ किंवा आरजी-५९ अजिबात नको. ती ७५ ओहमची आहे, शिवाय तिची ॲल्युमिनियमची जाळी सोल्डर होत नाही आणि समुद्रावर एका पावसाळ्यात पीठ होते.

आता पीएल-२५९ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाला लागणारा, सेटमध्ये बसणारा प्लग. आरजी-५८ ला आत बसणारा रिड्यूसर यूजी-१७५, आरजी-८एक्सला यूजी-१७६. दोन्ही दिसायला सारखे, भोकाचा व्यास वेगळा. चुकीचा घेतला तर जाळी सैल राहते आणि महिन्याभरात खडखड सुरू होते.

क्रम असा: आधी कनेक्टरची बाहेरची चकती आणि रिड्यूसर केबलवर सरकवा (हे विसरून सोल्डर करणारे रोज एक तरी असतात). बाहेरचं काळं आवरण १९ मिमी काढा, जाळीला चीर पडू न देता. जाळी मोकळी करून मागे वळवा, रिड्यूसर तिच्याखाली पुढे आणा, जाळी रिड्यूसरवर सपाट बसवून साधारण १० मिमी ठेवून कापा. मधली तार १६ मिमी उघडी करा, कथील लावा. आता कनेक्टरचं अंग रिड्यूसरवर फिरवून घट्ट करा. बाजूच्या चार भोकांतून जाळी सोल्डर करा, मग टोकाची पिन.

भोकांसाठी २५ वॉटची बारीक सोल्डरची इस्त्री पुरत नाही. पितळेचं अंग उष्णता खेचून घेतं, तुम्ही मिनिटभर धरून ठेवता आणि आतलं प्लॅस्टिक वितळून मधली तार जाळीला टेकते. ६० वॉट किंवा जास्त, जाड टोकाची इस्त्री, पटकन तापवा, पटकन काढा. हवेने हलवून गार करू नका, तसंच ठेवा. बोटीवर वारा असतो, म्हणून हे काम घरी, टेबलावर. क्रिम्पचा कनेक्टरही चालतो, पण त्याच केबलच्या मापाचा साचा असलेला क्रिम्पर हवा, पक्कड नव्हे.

उधाण

मीटरची तपासणी पण सांगून टाका.

सोल्डरवाला

हो. अँटेना *न जोडता* मल्टिमीटर लावा: पिन ते पिन शून्य, अंग ते अंग शून्य, पिन ते अंग पूर्ण उघडं. मग केबल दोन्ही टोकांशी वाकवून-हलवून पुन्हा बघा. अँटेना जोडल्यावर पिन ते अंग शॉर्ट दिसलं तर घाबरू नका. बऱ्याच काठ्यांच्या बुडातली कॉइल डीसीला शॉर्टच असते, १५६ मेगाहर्ट्झला नाही. या शॉर्टपायी चांगली काठी दुकानात परत नेली जाते.

पाणी अडवायला: पीएल-२५९ हा मुळात जलरोधक नाहीच. उघड्यावर असेल तर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तिप्पट ताणून, *खालून वर* गुंडाळत जायची, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. तिच्यावर उन्हासाठी साधी काळी व्हिनाइल टेप, शेवटी टाय. सिलिकॉनची पुंगळी कनेक्टरमध्ये भरू नका. आंबट वासाच्या सिलिकॉनमधून सुटणारं ॲसिड तांबं खातं.

तिसरा_मेट

जहाजावरचा माणूस म्हणून थोडं विषयाला धरून. सोलास (समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय) नियमांत मोठ्या जहाजांना जीवनौकांसाठी हातात धरायचे जीएमडीएसएस (जागतिक सागरी संकट-संपर्क यंत्रणेचे) सेट लागतात, ५०० टनांच्या वर तीन. पण फास्ट रेस्क्यू बोटीला हात मोकळे ठेवून वापरता येईल असा, पाणी न शिरणारा व्हीएचएफ संच एलएसए कोडमध्ये (जीवरक्षक साधनांच्या संहितेत) वेगळा सांगितला आहे. कारण सरळ आहे, चालवणाऱ्याचा एक हात सुकाणूवर आणि दुसरा थ्रॉटलवर. तुमच्या बोटीला हा नियम लागू नाही, पण कारण लागू आहे. माइक अशा ठिकाणी टांगा की थ्रॉटलचा हात न सोडता डाव्या हाताने उचलता येईल. बाहेरचा स्पीकर वेगळा घ्या. ४० एचपीच्या आवाजात सेटमधला छोटा स्पीकर ऐकू येत नाही. स्पीकर तोंड थोडं खाली करून बसवा, पाणी साचत नाही.

आणि स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. कंपास असेल तर सेट आणि स्पीकर बसवण्याआधी हाताने जवळ धरून बघा, सुई हलते ते अंतर लक्षात ठेवा आणि त्याच्या दुप्पट लांब बसवा.

डोलकाठी

सेटबद्दल एकच अट: आयपीएक्स७ किंवा आयपीएक्स८. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. आरआयबी उलटून सरळ होईपर्यंत पुरतं. मात्र हे रेटिंग माइकचा प्लग घट्ट असेल तरच, आणि सेटच्या मागच्या तारांचे जोड त्यात धरलेले नसतात. उलटल्यावर सेट वाचेल, अँटेना वाचेलच असं नाही. हातसेट कायम अंगावर, कन्सोलमध्ये नाही.

सोल्डरवाला

विजेचं गणित, तिसऱ्या प्रश्नासाठी.

२५ वॉट पाठवताना सेट साधारण ६ ॲम्पियर ओढतो, नुसता ऐकत बसला की अर्धा, मोठ्या आवाजात १ च्या आसपास. सहा तासांच्या सरावात पाच तास गप्प, अर्धा तास ऐकणं, अर्धा तास बोलणं धरलं तर २.५ + ०.५ + ३ = ६ एएच. तुमच्या ३५ एएच बॅटरीला हे जड नाही. अडचण वेगळीच आहे: तीच बॅटरी स्टार्टर फिरवते. स्टार्टर फिरतो तेव्हा व्होल्टेज १० च्या खाली जाऊ शकतं. पुष्कळ सेट १३.८ व्होल्टच्या १५ टक्के खाली-वर चालतात, म्हणजे खालची हद्द ११.७. म्हणून इंजिन स्टार्ट करताना सेट बंद पडून परत चालू होतो. त्रास नको असेल तर सेटसाठी १८ एएचची वेगळी सीलबंद बॅटरी कन्सोलमध्ये, चार्जिंगला आयसोलेटर (दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून एकीला दुसरी उतरवू न देणारा). वजन साडेपाच-सहा किलो. बचावबोटीवर मला ते वजन योग्य वाटतं. इंजिनची बॅटरी मेली तरी मदत बोलावता येते.

चावीच्या स्विचवरून वीज घेऊ नका. माणूस पाण्यात असताना इंजिन बंद करायचं असतं आणि नेमकं तेव्हाच बोलायचं असतं.

तार: बॅटरी ते सेट ३ मीटर, जाऊन-येऊन ६. तांब्याचा रोध (१ चौमिमी तारेला दर मीटरला) ०.०१७५ ओहम धरला तर २.५ चौमिमी तारेत ०.०४२ ओहम, ६ ॲम्पियरला पाव व्होल्ट उतरतो. ठीक. १ चौमिमी वापरली तर ०.६३ व्होल्ट, आणि बॅटरी थोडी उतरलेली असेल तर सेट २५ वॉट देणारच नाही. मुलामा दिलेली बोटीची तार घ्या. घरगुती वायरिंगची साधी तार आवरणाच्या आत काळी पडत जाते, टोक कापलं तरी काळीच.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून १५-२० सेंमीच्या आत, १० ॲम्पियर, पात्याचा, झाकणाच्या होल्डरमध्ये. हा फ्यूज तारेला आगीपासून वाचवतो. सेटसोबत आलेला फ्यूज वेगळा, तो पण ठेवा. काचेच्या नळीचा फ्यूज नको, त्याच्या स्प्रिंगला गंज लागतो, तिथे गरम होतं आणि व्होल्टेज पडतं. सगळे जोड क्रिम्प करून आत गोंद असलेली हीट-श्रिंक. पिळून काळी टेप लावलेला जोड समुद्रावर म्हणजे उशिरा येणारा बिघाड.

उधाण

ऐकू सगळं येतं, पण बोलायला बटण दाबलं की सेट विझतो किंवा स्क्रीन मंद होते, ही तक्रार आली की सेट उघडू नका. मल्टिमीटर सेटच्या मागच्या तारांना लावा, २५ वॉटवर दोन सेकंद बटण दाबा. न बोलताच्या वाचनापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडलं तर दोष तारेत, फ्यूज होल्डरमध्ये किंवा ऋण जोडात. एकेक जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटर लावत बॅटरीकडे जा. सापडतोच. १ वॉटवर हा दोष लपतो, म्हणून तपासणी नेहमी २५ वर.

खाडीकाठ

छान! एसडब्ल्यूआर मीटर उसना मिळेल. किती यायला हवा?

उधाण

आधी बघा तो मीटर १५० मेगाहर्ट्झसाठी आहे का. २७ मेगाहर्ट्झच्या सीबीचा मीटर इथे काहीही दाखवतो. चॅनल ६, १६ आणि ७७ वर बघा. १.५ पर्यंत उत्तम, तेव्हा ४ टक्के ताकद परत येते. २ ला ११ टक्के, चालेल पण कारण शोधा. ३ ला २५ टक्के, आणि सेट स्वतःला वाचवायला ताकद कमी करायला लागतो.

एक सापळा. केबल जितकी वाईट तितका सेटच्या टोकाला एसडब्ल्यूआर चांगला दिसतो! कारण परत येणारी ताकद वाटेतच केबल खाऊन टाकते. पाणी प्यालेली जुनी केबल १.१ दाखवू शकते. म्हणून फक्त एसडब्ल्यूआरवर थांबू नका. अँटेना काढून केबलच्या वरच्या टोकाला वॉटमीटर आणि ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी ताकद पिऊन टाकणारा रोध) लावा. सहा मीटर आरजी-८एक्सला २० वॉटच्या आसपास दिसायला हवेत. १२-१३ दिसले तर केबल बदला, वाळवून उपयोग नाही.

नाळ_ते_सुकाणू

केबलच्या वाटेबद्दल राहिलं. ट्यूबला कुठेही भोक नको, क्लिप चिकटवा. डेकमधून खाली जाताना बुचाची ग्लँड (केबलभोवती घट्ट बसून पाणी अडवणारी), आणि ग्लँडच्या आधी केबलला खाली झोका द्या म्हणजे थेंब तिथून गळतो. डेक फोमचा सँडविच असेल तर भोक मोठं पाडून कडेचा फोम खरवडा, एपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातून हवं त्या मापाचं भोक पाडा. नाहीतर फोम पाणी शोषतो आणि डेक मऊ पडतो. केबल बॅटरीच्या तारांसोबत एकाच टायमध्ये बांधू नका. उरलेली केबल तळहाताएवढ्या घट्ट गुंडाळीत कोंबू नका, जास्तीची कापून टाका.

तिसरा_मेट

डीएससी बसवून अर्धवट सोडलेले सेट फार दिसतात, म्हणून हे.

लाल बटण दाबल्यावर सेट चॅनल ७० वर (१५६.५२५) तुमचा नऊ आकडी एमएमएसआय, जागा आणि वेळ पाठवतो. एमएमएसआय भरलेला नसेल तर काहीच जात नाही. भारताचे क्रमांक ४१९ ने सुरू होतात. आधी परवाना आणि क्रमांक, मग सेटमध्ये भरणं. परवाना दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस परवान्यांच्या) विभागाकडचा. क्रमांक काळजीपूर्वक भरा, बरेच सेट एक-दोनदाच भरू देतात, मग दुकानदाराकडे किंवा कंपनीकडे पाठवावा लागतो. मित्राच्या बोटीचा किंवा मनचा क्रमांक टाकला तर शोधमोहीम दुसऱ्याच बोटीची माहिती उघडून बसेल.

जागेसाठी सेटमध्येच जीपीएस असलेला घ्या, तारांची कटकट संपते. नसेल तर प्लॉटरवरून (नकाशा दाखवणाऱ्या जीपीएसवरून) एनएमईए ०१८३ (बोटीवरची यंत्रं जोडायची पद्धत) च्या दोन तारा, ४८०० बॉड, प्लॉटरचा 'आउट' सेटच्या 'इन'ला. दोन्हीकडचे 'आउट' जोडले तर काहीच होत नाही, आणि लोक सेटला दोष देतात. जोडल्यावर सेटच्या स्क्रीनवर अक्षांश-रेखांश प्लॉटरशी ताडून बघा. हाताने भरलेली जागा ४ तासांनी जुनी झाल्याचा इशारा येतो आणि साडेतेवीस तासांनी सेट ती टाकून देतो.

मेनूमध्ये चॅनलचा संच 'इंटरनॅशनल' आहे ना ते पाहा. अमेरिकन संचावर असेल तर काही दुहेरी वारंवारितेची (बोलायला एक, ऐकायला दुसरी) चॅनल एकेरी होतात. १६ वर सगळं ठीक वाटतं, पण बंदराच्या कामाच्या चॅनलवर तुम्ही बोलता आणि समोरचा ऐकत नाही.

चाचणीसाठी लाल बटण दाबायचं नाही. मेनूत 'टेस्ट कॉल' असतो, तो दुसऱ्या डीएससी सेटच्या क्रमांकावर पाठवा. आवाजाची चाचणी कामाच्या चॅनलवर, १६ मोकळं ठेवा. खरा इशारा गेला तर कोणी उत्तर देईपर्यंत सेट दर चारेक मिनिटांनी तो आपणहून पुन्हा पाठवत राहतो. चुकून गेला तर सेट बंद करून गप्प बसू नका. सेटवरून रद्द करा, १६ वर बोलून सांगा, फोन असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

कृष्णाकाठ

सांगली भागात पुराच्या बोटींवर हाच सेट बसवला तर? २०१९ पासून गावोगावी बोटी आल्यात, पण बोलायला मोबाईलच.

डोलकाठी

नको. नदीवर चॅनल १६ कोणी ऐकत नाही. शिवाय सागरी सेटचा परवाना सागरी वापरासाठी असतो. पुरात तुमचं बोलणं जिल्हा नियंत्रण कक्षाशी किंवा पोलीस वायरलेसशी व्हायला हवं. त्यांच्या वारंवारितेचा सेट त्यांच्याच परवान्याखाली. वरचं बाकी सगळं (तार, फ्यूज, कनेक्टर, टेप) जसंच्या तसं लागू. अँटेना मात्र त्या वारंवारितेला जुळलेलाच घ्या. १५६ वर जुळलेली काठी १४०-१४५ ला एसडब्ल्यूआर ३ च्या वर दाखवू शकते. नदीवर आणखी एक: पुलाखालून जाताना काठी आडवी व्हायलाच हवी, म्हणजे घडीचं बूड.

सोल्डरवाला

एलईडी दिव्यांबद्दल कोणी बोललं नाही. स्वस्त एलईडी नेव्हिगेशन दिवे आणि यूएसबी चार्जर यांच्या आतली स्विचिंग सर्किटं व्हीएचएफवर कचरा टाकतात. अमेरिकन कोस्ट गार्डने २०१८ मध्ये यावर इशारा काढला होता. तपासणी सोपी: सगळे दिवे बंद, शांत चॅनल लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) पूर्ण उघडून खरखर ऐका, मग जेमतेम खरखर थांबेल तिथवर फिरवा. आता एकेक दिवा, पंप, चार्जर चालू करा. ज्याने खरखर परत आली तो दोषी. स्क्वेल्च वाढवून खरखर दाबणं हा उपाय नव्हे. तसं केलं की दूरच्या हातसेटचा अशक्त आवाजही दाबला जातो, आणि पाण्यातला माणूस नेमका तिथूनच बोलत असतो. दिवा बदला, निदान अँटेनापासून दूर न्या. तारेवर फेराइटचा मणी कधी काम करतो, कधी नाही.

खाडीकाठ

ठरलं: १ मीटर काठी घडीच्या बुडासह ए-फ्रेमच्या उजव्या टोकाला, आरजी-८एक्स, वेगळी १८ एएच बॅटरी, आत जीपीएस असलेला सेट. शेवटचा प्रश्न. जून-जुलैत बोट शेडमध्ये असते. सेट काढून ठेवावा का? काढला तर कनेक्टरचं काय?

उधाण

काढा. शेडमध्येही कोकणातली दमट हवा आहेच. सेट, माइक गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, वाळवून घरात. माइकच्या प्लगला पातळ सिलिकॉन ग्रीस. केबलच्या पीएल-२५९ वर रबरी टोपी, तिच्यावर टेप, टोक खाली तोंड करून बांधा. वीज आधी फ्यूज काढून तोडा, मग सेटच्या तारा सोडा. उलट केलं तर उघडी धन तार ए-फ्रेमला लागून ठिणगी पडते. १८ एएच बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा, नाहीतर ऑगस्टमध्ये ती सल्फेट होऊन बसलेली असेल.

ऑगस्टमध्ये परत बसवताना काठी बुडात पकडणारा छोटा ॲलन स्क्रू तपासा. काठी तिथे सैल झाली की थरथरून आत ठिणग्या उडतात. ऐकताना खरखर, पाठवताना एसडब्ल्यूआर उड्या मारतो, आणि माणूस अख्खी केबल बदलून मोकळा होतो.

नाळ_ते_सुकाणू

त्या ॲलन स्क्रूला मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक लावा, लाल नको. लाल लावलं तर पुढच्या वेळी ब्लो-टॉर्च लागेल. आणि १.५ मिमीची ॲलन की कन्सोलमध्ये दोरीने बांधून ठेवा, किनाऱ्यावर ती कोणत्याच दुकानात वेळेवर मिळत नाही. स्क्रूचं माप आधी बघून घ्या, काहींना २ मिमी लागते.